घरासाठी मेणबत्ती निवडताना



येत्या २ फेब्रुवारीला प्रभू येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण आहे. नाताळपासून मोजला तर हा चाळिसावा दिवस. मरिया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात गेले. तिथे वृद्ध शिमोनाने त्याला हातांत घेतले आणि हे बालक सर्व राष्ट्रांसाठी प्रकाश आहे हे ओळखले. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात हा प्रसंग आहे. त्याची आठवण म्हणून या दिवशी मिस्साबलिदानाच्या सुरुवातीला मेणबत्त्या आशीर्वादित केल्या जातात आणि पेटत्या मेणबत्त्या घेऊन मिरवणूक निघते. वर्षभर घरी लावायच्या मेणबत्त्याही आपल्यापैकी अनेक जण त्या दिवशी बरोबर आणतात.

आशीर्वादाच्या टेबलावर मात्र अलीकडे फार वेगवेगळ्या वस्तू दिसतात. साध्या पांढऱ्या मेणबत्त्यांच्या पुड्याशेजारी काचेच्या ग्लासातली व्हॅनिलाच्या वासाची मेणबत्ती असते, रंगीत जेल भरलेला पेला असतो, आणि एखाद्या पिशवीत केकवर लावायच्या नळकांड्यांचे पाकीटही असते. आशीर्वाद देताना धर्मगुरू भेद करत नाहीत. पण घरासाठी मेणबत्ती घेताना आपण भेद करायला हवा, असे आम्हाला वाटते. एका टोकाला कसबा पेठेतले लाकडी वाडे आहेत आणि दुसऱ्या टोकाला मेणबत्ती बनवणारे हात. हा लेख या दोन्ही टोकांविषयी आहे.

आधी मेणबत्ती जळते कशी ते पाहू. जळते ती वात, असे आपण समजतो. खरे तर जळते ते मेण, आणि तेही वाफ होऊन. ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवतीचे मेण वितळते. टॉवेलचे टोक बादलीत बुडाले की पाणी जसे कापडातून वर चढते, तसे ते वातीतून वर चढते, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ पेट घेते. मुलांना हे दाखवायचे असेल तर मेणबत्ती हलकेच विझवावी आणि वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला पेटती काडी लावावी. ज्योत धुरातून खाली उतरून वात पुन्हा पेटवते. तो धूर म्हणजे न जळलेल्या मेणाची वाफच असते. (हा खेळ मोठ्यांनी शेजारी उभे राहूनच करू द्यावा.)

यावरून लक्षात येईल की मेणाइतकेच महत्त्व वातीला आहे. वात फार जाड असेल तर ती मेण भराभर ओढते, ज्योत मोठी होते आणि काजळी धरते. वात बारीक असेल तर ती वितळलेल्या मेणात बुडून विझते. पूर्वी मेणबत्तीजवळ कात्री ठेवावी लागत असे, कारण वात जळत नसे, नुसती वाढत जाई. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये कांबासेरेस नावाच्या माणसाने वेणीसारखी विणलेली सुती वात काढली. ती जळताना किंचित वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला येते आणि आपोआप जळून जाते. आज आपण वापरतो ती हीच वात. ग्लासातल्या जाड मेणबत्त्यांची वात मात्र दर वेळी पेटवण्यापूर्वी पाव इंच ठेवून कापावी. घरातल्या तसबिरीमागची भिंत काळी पडत असेल तर दोष बहुधा लांब वातीचा किंवा पंख्याच्या वाऱ्याचा असतो.

वातीबद्दल आणखी एक. काही स्वस्त, विशेषतः जाड सुगंधी मेणबत्त्यांच्या वातीत मध्ये धातूची तार असते. ती जस्ताची किंवा कथिलाची असली तर चिंता नाही. शिशाची असली तर जळताना शिसे हवेत मिसळते, आणि ते लहान मुलांना फार घातक आहे. अमेरिकेने २००३ मध्ये अशा वातींवर बंदी घातली. ओळखायचे कसे? न पेटवलेल्या वातीचे टोक उलगडून पाहावे. तार दिसली तर ती पांढऱ्या कागदावर घासावी. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर ती मेणबत्ती घरात लावू नये.

आता मेण. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मेणबत्त्या पॅराफिनच्या असतात. पॅराफिन खनिज तेलातून निघते, म्हणजे ते रॉकेलचे भावंडच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ते मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले आणि मेणबत्ती गरिबाच्या आवाक्यात आली. त्याआधी युरोपात गरिबाघरी जनावरांच्या चरबीची बत्ती जळे. तिला दुर्गंधी असे. मधमाशीच्या मेणाची मेणबत्ती चर्चला आणि श्रीमंतांनाच परवडत असे. पॅराफिन विषारी असते असे सांगून महागड्या मेणबत्त्या विकणारे पुष्कळ भेटतात. आमचे मत असे की चांगल्या सुती वातीची साधी पॅराफिन मेणबत्ती, हवा खेळती असलेल्या खोलीत, जपमाळेपुरती लावली तर घाबरण्यासारखे काही नाही. बंद खोलीत तासन् तास डझनभर मेणबत्त्या लावणे मात्र टाळावे, मग त्या कोणत्याही मेणाच्या असोत.

पॅराफिनचा त्रास आपल्याकडे वेगळाच आहे, तो उन्हाळ्याचा. पॅराफिनच्या प्रकाराप्रमाणे ते साधारण ४६ ते ६८ अंश सेल्सिअसला वितळते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० ला टेकतो, आणि पत्र्याच्या छपराखालच्या माडीवर तर विचारायलाच नको. हलक्या पॅराफिनच्या मेणबत्त्या वितळल्या नाहीत तरी मऊ पडून वाकतात. हे टाळण्यासाठी चांगले कारखानदार त्यात स्टिअरिन घालतात. त्याने मेणबत्ती कडक होते, कमी ओघळते आणि दुधासारखी पांढरी दिसते. दुकानात मेणबत्ती हातात घेऊन नखाने हलकेच दाबून पाहावी. नख सहज रुतले तर ती हिवाळ्यापुरतीच समजावी. मेणबत्त्या उभ्या न ठेवता कागदात गुंडाळून आडव्या, खालच्या कप्प्यात ठेवाव्यात. वाकलीच तर कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून सपाट पाटावर लाटावी, सरळ होते.

सोयाबीनच्या मेणाचा अलीकडे बराच गाजावाजा आहे. ते मऊ असल्यामुळे ग्लासातच भरावे लागते. उभ्या मेणबत्तीसाठी त्याचा उपयोग कमी.

मधमाशीच्या मेणाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्या उपासनेत त्याला मोठा मान आहे. पवित्र शनिवारच्या रात्री, पुनरुत्थानाच्या मेणबत्तीपुढे गायिल्या जाणाऱ्या स्तुतिगीतात मधमाशांचा उल्लेख येतो, तो अनेकांनी ऐकला असेल. १९०४ मध्ये रोमने सांगितले होते की पुनरुत्थानाची मेणबत्ती आणि मिस्साबलिदानाच्या वेळी वेदीवर लागणाऱ्या दोन मेणबत्त्या मुख्यत्वे मधमाशीच्या मेणाच्या असाव्यात. पुढे हा नियम सैल झाला. तरी १९८८ मध्ये रोमहून आलेल्या पत्रकात पुनरुत्थानाची मेणबत्ती खऱ्या मेणाची असावी, दर वर्षी नवी असावी आणि एकच असावी, कृत्रिम चालणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. घरच्या मेणबत्तीला असा कोणताच नियम नाही, हे मुद्दाम सांगतो. पॅराफिनच्या मेणबत्तीवरचा आशीर्वाद कमी प्रतीचा नसतो.

तरीही वर्षातून एखादी मधमाशीच्या मेणाची मेणबत्ती घ्यायची इच्छा असेल तर त्यासाठी फार लांब जायला नको. मधमाशीपालनाचे केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र १९६२ पासून आपल्या पुण्यातच आहे. महाबळेश्वर तालुक्यात तर मधाचा व्यवसाय पिढ्यान् पिढ्यांचा. तिथल्या मांघर गावाला मे २०२२ मध्ये देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर करण्यात आले. मध गाळून उरलेल्या पोळ्यापासून मेण निघते. एक किलो मेण तयार करायला मधमाशांना साधारण सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो असे सांगतात, यावरून ते महाग का हे कळेल. महाग म्हटले की भेसळ आलीच. शुद्ध मेणाला न पेटवताही मधासारखा मंद वास येतो, रंग पिवळसर असतो, आणि थंडीत बराच काळ ठेवले तर वर पांढरट भुकटीसारखा थर येतो. तो बुरशीचा नव्हे. मऊ कापडाने पुसला की जातो. हे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यातही ताठ राहते.

आता त्या केकवरच्या नळकांड्यांविषयी, ज्यांच्यासाठी आम्ही मुख्यतः लेखणी हाती घेतली.

वाढदिवसाला केकवर लावतात ती, फुलबाजीसारख्या ठिणग्या उडवणारी वस्तू दुकानात 'स्पार्कल कँडल' म्हणून मिळते. ती मेणबत्ती नाही. तिच्यात वितळून वातीतून चढणारे मेण नसते, शोभेच्या दारूचे मिश्रण भरलेले असते. ८ डिसेंबर २०२३ रोजी, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी, पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे अशाच मेणबत्त्या बनवणाऱ्या एका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. सहा जणांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. पुढच्या दिवसांत भाजलेल्यांपैकी आणखी काही जण रुग्णालयात गेले. काम करणाऱ्यांत बहुतेक महिला होत्या, हातावर पोट असलेल्या, आसपासच्या वस्त्यांतून येणाऱ्या. आपण इथे सणाचे मिस्साबलिदान अर्पण केले त्याच शुक्रवारी, आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर हे घडले.

वर्तमानपत्रांत चार दिवस बातम्या आल्या. कारखान्याच्या परवान्यांचे प्रश्न विचारले गेले, चौकशीच्या घोषणा झाल्या. त्या नळकांड्या मात्र आजही केकच्या दुकानात काउंटरवर मिळतात, आणि आपल्यातही वाढदिवसाला त्या सर्रास आणल्या जातात. आम्ही कोणाला दोष देत नाही. मूल हट्ट करते, केकवाला चाकूबरोबर पाकिटात घालून देतो, कोण विचार करतो? पण अर्ध्या मिनिटाच्या ठिणग्यांसाठी कोणी कोंदट शेडमध्ये बसून दारू भरावी का, हा प्रश्न स्वतःला विचारायला हरकत नाही. लहान साध्या मेणाच्या मेणबत्त्या केकवर लावता येतात. वर्षे जास्त झाली असतील तर एकच लावावी.

हाच विचार साध्या मेणबत्तीलाही लागू करता येतो. आपल्या देशातल्या कायद्याप्रमाणे पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचे नाव व पत्ता, वजन किंवा नग, किंमत आणि उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेले असले पाहिजे. घाऊक बाजारात पुष्कळदा नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, नाव-गाव नसलेल्या मेणबत्त्या मिळतात. चार रुपये वाचतात. पण त्या कोणी, कुठे, कशा अवस्थेत बनवल्या हे कळायला मार्ग राहत नाही. पत्ता छापला म्हणजे सगळे ठीक असे नव्हे. तरी ज्याने पत्ता छापला त्याला जाब विचारता येतो.

याच धंद्याची दुसरी बाजूही आहे, तीही सांगायला हवी. महाबळेश्वरचे भावेश भाटिया तरुणपणी दृष्टी गमावल्यावर मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेत मेणबत्त्या बनवायला शिकले. सुरुवातीला त्यांनी महाबळेश्वरच्या बाजारात गाडीवर मेणबत्त्या विकल्या. १९९४ च्या सुमारास सुरू झालेला त्यांचा 'सनराइज कँडल्स' हा उद्योग आज मोठा झाला आहे आणि तिथे अनेक दृष्टिहीन स्त्री-पुरुष काम करतात. मेण किती तापले, साचा किती भरला, वात मधोमध आहे की नाही, हे सगळे ते हाताने आणि आवाजाने ओळखतात. अशा संस्थांच्या, बचत गटांच्या किंवा धर्मभगिनींच्या देखरेखीखाली चालणाऱ्या गटांच्या मेणबत्त्या कधी दोन पैसे महाग पडतात. आम्ही तरी ते दोन पैसे द्यावेत या मताचे आहोत.

महाग म्हणजे किती, याचाही हिशेब करून पाहू. साधारण उभी मेणबत्ती तासाला सहा ग्रॅमच्या आसपास मेण जाळते. जपमाळेला वीस मिनिटे धरली तर दर संध्याकाळी दोन ग्रॅम. म्हणजे पन्नास ग्रॅमची एक मेणबत्ती पंचवीस दिवस पुरते. म्हणून विकत घेताना लांबीकडे किंवा रंगाकडे न पाहता वजनाकडे पाहावे. बारा बारीक मेणबत्त्यांचा पुडा आणि चार जाड मेणबत्त्यांचा पुडा यांचे वजन सारखे असू शकते. बारीक मेणबत्ती थोड्याशा वाऱ्यानेही एका बाजूने ओघळते आणि निम्मे मेण ताटलीत जाते. रोजच्या जपमाळेसाठी अंगठ्याएवढी जाड, पांढरी, बिनवासाची मेणबत्ती सर्वांत बरी. घरात दम्याचे किंवा खोकल्याचे आजारी असतील तर सुगंधी मेणबत्ती आणूच नये.

आगमनकाळाच्या चक्रासाठी तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती लागते. जर्मनीत १८३९ च्या सुमारास हँबर्ग येथे अनाथ मुलांसाठी काम करणाऱ्या विखर्न नावाच्या प्रोटेस्टंट पाळकांनी ही प्रथा सुरू केली, पुढे ती आपणही घेतली. रंग हवा तो मिळत नसेल तर चारही पांढऱ्या लावून जांभळी आणि गुलाबी फीत बांधावी. वरवर रंग फासलेल्या मेणबत्त्यांपेक्षा ते चांगले.

स्नानसंस्काराच्या मेणबत्तीबद्दल आम्हाला आग्रहाने सांगायचे आहे. ती पुनरुत्थानाच्या मेणबत्तीवरून पेटवून बाळाच्या वडिलांच्या किंवा धर्मपित्याच्या हाती दिली जाते. पुष्कळ घरांत ती फोटो काढून झाल्यावर कुठे जाते कोणालाच माहीत नसते. ही एक मेणबत्ती तरी चांगली, कडक, मोठी घ्यावी, बाळाचे नाव आणि तारीख लिहिलेल्या कागदात गुंडाळून ठेवावी. स्नानसंस्काराच्या वाढदिवशी पाच मिनिटे लावावी, प्रथम कम्युनियनच्या दिवशी लावावी. पन्नास ग्रॅमची असली तर अशी पाच-पाच मिनिटे शंभर वेळा लावता येते.

आता वाड्यांकडे येऊ. कसबा पेठेत नव्या इमारती उभ्या राहिल्या असल्या तरी लाकडी खांबांचे, लाकडी जिन्याचे वाडे अजून आहेत, आणि आपल्यातली काही कुटुंबे तिथेच दीड-दोन खोल्यांत राहतात. अशा घरात आग लागली तर ती एका बिऱ्हाडाची राहत नाही. बोळ अरुंद, अग्निशमन दलाच्या गाडीला शिरणे कठीण. लोडशेडिंगच्या दिवसांत पालथ्या वाटीवर मेणाचे दोन थेंब टाकून मेणबत्ती चिकटवायची सवय आपल्या सगळ्यांना लागली. ती सवय मोडायला हवी. वाटी तापली की खालचे मेण सुटते आणि मेणबत्ती कलंडते.

चांगले शमादान घ्यावे. त्याचे बूड रुंद आणि जड असावे आणि त्याला ओघळ झेलणारी ताटली असावी. आपल्या शेजारीच तांबट आळी आहे. पेशवाईपासून तिथे तांब्या-पितळेचे काम चालत आले आहे. हातोडीने ठोके देऊन चमक आणणारे त्यांचे मठारकाम प्रसिद्ध आहे, आणि स्टील-प्लॅस्टिकपुढे तग धरून काही कारागीर अजून काम करतात. मॉलमधल्या काचेच्या शमादानापेक्षा तिथून तांब्याची खोलगट ताटली करून घेणे आम्हाला केव्हाही पसंत. ते जमत नसेल तर घरातल्या पितळी थाळीत दोन बोटे वाळू घालावी आणि मेणबत्ती तिच्यात रोवावी. पडली तरी वाळूत पडते.

पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली मेणबत्ती लावताना वर किमान हातभर मोकळी जागा असावी. पडदा, प्लॅस्टिकची फुले, कॅलेंडर यांपासून ती दूर ठेवावी. प्लॅस्टिकच्या फुलांचे हार तर काढूनच टाकावेत. मेणाने पेट घेतला तर पाणी ओतू नये, भडका उडतो. झाकण किंवा परात पालथी घालावी. जेलच्या मेणबत्त्या काचेच्या पेल्यात असतात, आणि तापून काच तडकली की पेटते तेल पसरते. लाकडी घरात त्या नकोतच. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांनी, ज्यांना डोळा लागण्याची भीती असते, बॅटरीवरची मेणबत्ती लावली तर त्यात कमीपणा नाही. खरी मेणबत्ती रविवारी नातवंडे आल्यावर लावावी.

२ फेब्रुवारीला आणायच्या मेणबत्त्यांवर आपल्या कुटुंबाचे नाव लिहिलेली चिठ्ठी लावावी, म्हणजे अदलाबदल होणार नाही. आशीर्वादित मेणबत्तीची थोटके कचऱ्यात टाकू नयेत. ती शेवटपर्यंत जाळावीत किंवा कुंडीतल्या मातीत पुरावीत. घरी वितळवून नवी मेणबत्ती करणार असाल तर मेणाचे भांडे थेट गॅसवर न ठेवता उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवावे आणि उरलेले मेण मोरीत ओतू नये. ज्यांना हे जमत नाही त्यांनी थोटके कागदी पिशवीत घालून सॅक्रिस्टीत द्यावीत.